‘हो, सर जरा कडकच आहेत’ : सहकाऱ्याविरुद्ध आलेल्या तक्रारीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा नागपूरची, खाजगी अनुदानित, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. पालकांत इतवारी-गांधीबागेतल्या दुकानांत काम करणारे आहेत, हिंगणा एमआयडीसीत पाळीवर जाणारे आहेत, ई-रिक्षा चालवणारे आहेत. घरी डबे करून पोहोचवणाऱ्या काही आयाही आहेत. मी तिथे मराठी शिकवते आणि त्या वर्षी सातवी ‘ब’ची वर्गशिक्षिका होते. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. जे घडलं त्याचा क्रम मात्र बदललेला नाही.

तक्रार गणिताच्या सरांबद्दल होती. सरांची नोकरी बावीस वर्षांची. शाळा सुटल्यावर आठवीच्या मुलांना थांबवून एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी फुकट करून घेणारे ते एकटेच. गणिताचं दुसरं पद रिक्त असल्यामुळे त्या वर्षी सातवी ‘अ’ आणि ‘ब’ या दोन तुकड्या आठवड्यातले तीन तास एकत्र बसत. एका खोलीत एकसष्ट मुलं. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी एका शिक्षकामागे पस्तीस मुलांचं प्रमाण आहे. त्यात सरांकडे बीएलओचं काम होतं, म्हणजे मतदार यादी घेऊन संध्याकाळी घरोघर फिरणं. हे मी सरांची बाजू घ्यायला सांगत नाही. पुढे निर्णय घेताना ही माहिती उपयोगी पडली, म्हणून आधी सांगून ठेवते.

काय घडलं

पोळ्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, शाळा सुटताना फाटकाजवळ एक आई माझी वाट बघत उभी होती. हातात दोनशे पानी वही. बोटांच्या पेरांना हळद लागलेली. मुलं फाटकातून बाहेर लोटत होती, ऑटोवाले हॉर्न वाजवत होते, आणि माझ्या खांद्यावर तपासायच्या निबंधांची पिशवी होती.

“मॅडम, पोट्टा कालपासून धड जेवून नाही राहिला. सरनं वही फाडली त्याची.”

तिने वही उघडून दाखवली. शिवणीशी एक पान फाडलेलं होतं, त्याची बोटभर रुंद पट्टी तेवढी चिकटून उरली होती. फाटलेलं पानही तिने आत जपून ठेवलं होतं. त्यावर (-7) × (-4) = -28 असं लिहिलेलं, लाल शाईने खोडलेलं. खाली तेच गणित पुन्हा, तसंच चुकलेलं, पुन्हा खोडलेलं. तिसऱ्या वेळी लिहिलेलं उत्तर फाटण्यात अर्धं गेलं होतं.

मला वाईट वाटलं. घाईही होती. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, “हो ताई, सर जरा कडकच आहेत. मी बोलते त्यांच्याशी. तुम्ही काळजी करू नका.”

तिने माझ्याकडे बघितलं, वही मिटली आणि “बरं मॅडम” म्हणून निघून गेली.

या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक त्या दोन मिनिटांत झाली, आणि ती माझी होती. तेव्हा मला वाटत होतं की एका आईला मी धीर दिला.

दोन सुट्ट्या

गुरुवारी पोळा, शुक्रवारी तान्हा पोळा आणि मारबत. आमच्याकडे हे दोन दिवस शाळा बंद असते. शुक्रवारी सकाळी महाल भागातल्या रस्त्यांवर काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, निघतात, सोबत त्या-त्या वर्षीचे बडगे. बडग्या म्हणजे लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा करायचा, वाजतगाजत मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. काळ्या मारबतीची परंपरा 1881 पासूनची सांगतात.

शुक्रवारी दुपारी सातवीच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे स्क्रीनशॉट मला एका सहकारी मॅडमनी पाठवले. या ग्रुपमध्ये शिक्षक नाहीत, तो पालकांनी आपापसात काढलेला. कोणी वहीच्या फाटक्या पानाचा फोटो टाकला होता. त्याखाली आणखी दोघा-तिघांनी आपापल्या मुलांचे अनुभव लिहिले होते. मग हे वाक्य आलं : “वर्गशिक्षिका मॅडमनं स्वतः सांगितलं का सर कडक आहेत, शाळेत सगळ्यायले माहीत आहे.” ‘सगळ्यांना माहीत आहे’ असं मी म्हटलं नव्हतं. पण ‘कडकच आहेत’ म्हटलं होतं, आणि त्यातल्या ‘च’चा दुसरा अर्थ काय लागणार होता? त्याखाली कोणीतरी लिहिलं होतं : “यंदा सरचाच बडग्या काढा.” पुढे हसण्याच्या आठ-दहा खुणा.

बावीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाबद्दल, त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या घरातल्या मोबाइलवर हे होतं. आणि त्याला साक्ष माझी होती.

बुधवारीच मी सरांना फोन करू शकले असते. केला नाही. सणाच्या तोंडावर कशाला, शनिवारी भेटतीलच, असं मनाशी म्हटलं. खरं कारण वेगळं होतं, मला अवघड वाटत होतं. त्या तीन दिवसांत सरांना आपल्यावरची तक्रार कळली ती फॉरवर्ड होत आलेल्या स्क्रीनशॉटमधून.

शनिवारी सकाळी कोणते मार्ग होते

शनिवारी सकाळची शाळा. मी सात वाजायच्या आत पोहोचले, कारण रात्रभर एकच विचार चालला होता की आधी कोणाकडे जायचं.

पहिला मार्ग गप्प बसण्याचा. पालकांचा ग्रुप आहे, आपण त्यात नाही, चार दिवसांत विझेल. शिक्षक-खोलीत हा सल्ला मला खरोखरच मिळाला. पण मुलगा जेवत नव्हता, ते कशाने विझणार होतं? दुसरा मार्ग ग्रुपवर कोणाकरवी खुलासा टाकण्याचा, ‘मी असं म्हटलेलं नाही’ अशा अर्थाचा. तो अर्धा खोटा ठरला असता, आणि त्या आईला मी सगळ्यांदेखत खोटं पाडलं असतं. ती माझ्याकडे विश्वासाने आली होती.

तिसरा मार्ग सरांशी एकट्यात बोलून आपसात मिटवण्याचा. साध्या तक्रारीत मी आजही आधी हेच करीन. गृहपाठ जास्त देतात, वही वेळेवर तपासत नाहीत, बाकावरची जागा बदलली, अशा गोष्टींत पालकांनी आधी त्या शिक्षकांशीच बोलावं आणि मी फार तर दोघांची गाठ घालून द्यावी. पण वही फाडणं या यादीत बसतं का, याची मला खात्री नव्हती. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना मनाई करतं. सेवांतर्गत प्रशिक्षणात हे कलम आम्हाला कितीदा तरी ऐकवलेलं. आमच्या डोक्यात त्याचा अर्थ ‘मारायचं नाही’ एवढाच उरतो.

चौथा मार्ग मुख्याध्यापिकांकडे जाण्याचा. यात एक भीती असते आणि ती खोटी नाही : सहकारी म्हणतात, ‘चुगली केली’. एकाच स्टाफरूममध्ये पुढची दहा वर्षं काढायची असतात.

मी ठरवलं की आधी सरांना सांगायचं, की मी मुख्याध्यापिकांकडे जाते आहे, आणि मग जायचं. त्यांच्या परवानगीचा प्रश्न नव्हता. त्यांना माझ्याकडून कळावं, एवढंच.

माझ्या आधी सरच बोलले. स्टाफरूमच्या दारातच त्यांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही असं म्हणाल्या का?”

“हो सर. कडक आहेत एवढं म्हणाले. म्हणायला नको होतं. आणि तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं.”

ते काही बोलले नाहीत. हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेले. मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले.

काय केलं

मुख्याध्यापिकांनी मला आधी एक प्रश्न विचारला : “त्या आईने नेमकं काय सांगितलं? तिच्या शब्दांत सांगा.” मी वहीचं सांगितलं. “आणि?” त्यापुढे माझ्याकडे काही नव्हतं. त्या म्हणाल्या, “एका फाटलेल्या पानासाठी पोरगं दोन दिवस जेवण सोडत नाही. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलं का?”

सोमवारी आईला बोलावलं. सरांना त्या बैठकीत बसवलं नाही. मी असावं का, हे मुख्याध्यापिकांनी आईलाच विचारलं. तिने मान डोलावली. खोलीचं दार लोटलेलं, पंखा चालू, टेबलावर पाण्याचा ग्लास आणि एक कोरा कागद. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “ताई, आम्ही मध्ये बोलणार नाही. पहिल्यापासून सांगा.” आणि खरंच मध्ये बोलल्या नाहीत. ती थांबली तेव्हाही नाही. मला ती शांतता इतकी जड झाली की दोनदा तोंड उघडून मिटलं.

वहीचं सांगून झाल्यावर बराच वेळ ती पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली :

“वहीचं काय जी, दुसरी आणू. सरनं वर्गात म्हटलं का, तुले गणित कायले पाहिजे, तू तं डब्बेच पोचवणार आहे. सारे पोट्टे हासले. आता तो थैली घेऊन गल्लीतून नाही जात, मागून चक्कर मारून जाते, कोणी पाहू नये म्हणून. मॅडम, मी डब्बे करते. चोऱ्या नाही करत.”

बुधवारी फाटकाशी हे वाक्य तिच्या ओठांवर होतं. तिने आधी वही दाखवली, कारण वही दाखवणं सोपं होतं. मी ‘कडकच आहेत’ म्हणून त्या गोष्टीला नाव देऊन टाकलं आणि तिचं बोलणं तिथेच संपलं. धीर देण्याच्या घाईत मी तक्रार अर्धीच घेतली, आणि त्या अर्ध्या तक्रारीवर तीन दिवस मार्ग शोधत बसले.

मुख्याध्यापिकांनी सगळं तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. तारीख, तास, काय घडलं, कोण हजर होतं. ‘उद्धट’, ‘अपमानास्पद’ असलं एकही विशेषण त्यात घातलं नाही. वाचून दाखवलं, तिने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, सही केली, आणि तिला त्याची प्रत दिली. शाळा व्यवस्थापन समितीकडेही ती जाऊ शकते, त्या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, हेही सांगितलं. तक्रारदाराला पुढचा रस्ता शाळेनेच दाखवायचा, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

दुपारी सरांना बोलावलं. मी तिथे नव्हते, आणि नसणंच बरोबर होतं. सरांनी लेखी दिलं की वहीचं पान फाडलं हे खरं. वाक्याबद्दल त्यांचं म्हणणं असं, की ‘रोज डबेच पोहोचवत राहिलास तर गणित केव्हा करशील’ असं ते काळजीने बोलले होते.

जिथे निर्णय सोपा नव्हता

आता दोन वाक्यं समोर होती. कोणतं खरं? वर्गात एकसष्ट साक्षीदार होते. मुलांना विचारायचं का?

स्टाफमधल्या काहींचं मत पडलं की प्रत्येकाकडून चिठ्ठी लिहून घ्या, प्रश्न मिटेल. मुख्याध्यापिकांनी नकार दिला. बारा वर्षांच्या मुलांना आपल्याच शिक्षकाविरुद्ध किंवा आपल्याच सोबत्याविरुद्ध लिहायला लावलं, तर त्या वर्गात पुढे शिकणं-शिकवणं कठीण होईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी फक्त त्या मुलाशी, आई जवळ असताना, पाच मिनिटं बोलून घेतलं. त्याने आईचंच वाक्य सांगितलं, हळू आवाजात, जमिनीकडे बघत. मग मुख्याध्यापिकांनी असं धरलं की शब्द कोणतेही असोत, वर्गासमोर मुलाच्या घरच्या कामाचा उल्लेख झाला, एवढं दोन्ही बाजूंनी मान्य होतं. कारवाईला तेवढं पुरे.

मला हे आजही पूर्ण पटलेलं नाही. वाक्य मुलाने सांगितलं तसंच असेल, तर ते नुसतं तोंडून निसटलेलं नव्हतं, सर त्या मुलाकडे कसं बघत होते ते त्यातून दिसलं. आणि सरांनी सांगितलं तसं असेल, तर बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर एक खोटा डाग राहिला. आणखी दोन-तीन मुलांशी एकेकटं, कोणाचं नाव न घेता, ‘त्या तासाला काय झालं’ एवढं विचारता आलं असतं. मुख्याध्यापिकांना तो धोका वाटला, मला तो घेण्याजोगा वाटतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांत नवे शिक्षक असतील. आम्ही जे ऐकणं-लिहिणं-विचारणं केलं ते या स्वरूपाच्या तक्रारीसाठी होतं. तक्रारीत लैंगिक स्वरूपाचा नुसता संशय जरी असला, तरी ‘आधी सरांशी बोलून बघते’ आणि ‘शाळेत चौकशी करू’ हे मार्ग उरतच नाहीत. पोक्सो कायदा 2012, कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं हे ज्याला कळलं त्याचं स्वतःचं कर्तव्य आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे आपलं काम झालं, असं तिथे नाही. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइनही आहे. आणि बुधवारी मी जशी ऐकत होते, तशी अर्धवट ऐकणारी बाई असली तर तो संशय तिच्या कानावर येणारच नाही. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

पुढे काय झालं

सरांना शाळा समितीला कळवून लेखी समज दिली गेली. आईने एकच मागितलं : “वर्गात बोलले, तं वर्गातच सांगा.” सर तयार नव्हते. मुलांसमोर माफी मागितली तर उद्या वर्ग हातात राहणार नाही, असं ते म्हणाले. मुख्याध्यापिकांनी दोन दिवस जाऊ दिले. गुरुवारी तिसऱ्या तासाला सर फळ्याजवळ उभे राहून एवढंच म्हणाले, “मागच्या आठवड्यात मी वही फाडली ती चूक होती. घरच्या कामावरून बोललो तेही चूक. घरच्या कामाला हात लावणाऱ्या पोराला कोणी हसायचं नाही.” मग खडू घेतला आणि ऋण गुणिले ऋण धन का होतं ते संख्यारेषा काढून पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. मुलांकडून कळलं की त्या दिवशी पाच-सहा जणांनी हात वर करून सांगितलं, आम्हालाही हे समजलं नव्हतं.

पालकांच्या ग्रुपवर शाळेने प्रकरणाबद्दल काहीही टाकलं नाही. पालक-शिक्षक संघाच्या प्रतिनिधीमार्फत एवढाच निरोप गेला की, मुलांबद्दलची तक्रार असेल तर मधल्या सुट्टीच्या वेळेत कार्यालयात यावं, बसून ऐकलं जाईल, लिहून घेतलं जाईल आणि आठ दिवसांत उत्तर मिळेल. बडग्याचा संदेश टाकणाऱ्या पालकांना मुख्याध्यापिकांनी स्वतः फोन केला. काय बोलल्या ते मला माहीत नाही. संदेश दुसऱ्या दिवशी दिसेनासा झाला.

मुलगा महिनाभर गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचा. दिवाळीनंतर पुढे आला. प्रथम सत्रात काठावर होता, द्वितीय सत्रात जरा बरा. डब्याची थैली घेऊन तो पुन्हा समोरच्या गल्लीतून जायला लागला की नाही, हे मी आईला विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं कधी वाटतं, आणि कधी वाटतं की तो त्यांचा प्रश्न, त्यांच्याकडेच राहू द्यावा.

सर आणि मी साधारण तीन महिने कामापुरतंच बोलत होतो. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तयारीत त्यांनी एकदा चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “तुम्ही मोठ्या मॅडमकडे गेल्या त्याचं वाईट नाही वाटलं. फाटकाशी बोलल्या त्याचं वाटलं.” मी मान्य केलं.

आता मी काय वेगळं करते

फाटकाशी तक्रार ऐकत नाही. “ताई, हे महत्त्वाचं आहे, इथे नको, आत बसून सांगा,” एवढं म्हणून आत नेते. वेळ नसेल तर दुसऱ्या दिवसाची वेळ देते आणि ती पाळते.

सहकाऱ्याच्या स्वभावाबद्दल एकही शब्द बोलत नाही, चांगलाही नाही. ‘सर फार चांगले आहेत हो, तुमचा गैरसमज झाला असेल’ म्हटलं तरी पालकाचं बोलणं तेवढ्याच झटक्यात बंद होतं. “तुम्हाला आणि लेकराला त्रास झाला हे कळलं” म्हणते. याने कोणाचीच बाजू घेतली जात नाही. पालक थांबले की मनात दहापर्यंत मोजते. मग विचारते, “अजून काही राहिलं का?” अनुभव असा, की खरी गोष्ट बहुतेक वेळा यानंतर येते.

त्यांच्यासमोरच डायरीत त्यांच्याच शब्दांत लिहिते. ‘मी बघते’ असं मोघम न बोलता, मी ही गोष्ट कोणाला आणि केव्हा सांगणार ते सांगते. ‘कोणाला सांगू नका’ अशी अट घातली तर ती मान्य करत नाही, कारण मुलाच्या भल्यासाठी ती मोडावी लागू शकते आणि मग विश्वास दुसऱ्यांदा तुटतो. तक्रार सहकाऱ्याशी बोलण्याजोगी असेल, तर त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, तोंडी सांगते. फोनवर लिहून पाठवत नाही. मुख्याध्यापिकांकडे जायची असेल, तर जाते आहे एवढं त्यांच्या कानावर घालते. मात्र मुलाला किंवा पालकाला त्यातून त्रास होण्याची शक्यता दिसली, तर तेही करत नाही, थेट जाते.

एक गोष्ट शाळेच्या हातात होती आणि ती उशिरा झाली. एकत्र बसणाऱ्या दोन तुकड्यांचा प्रश्न प्रकरणाआधी सरांनी दोनदा तोंडी मांडला होता. प्रकरणानंतर विज्ञानाच्या मॅडमनी आठवड्यातले दोन तास उचलले आणि एकसष्टचा वर्ग तीनऐवजी एकाच तासापुरता उरला. गणिताचं रिक्त पद मी हे लिहिते तोवर भरलेलं नाही. तो एक तास अजूनही तसाच भरतो, बुधवारी, दुपारच्या सुट्टीनंतर.